किंमत ट्रकची की उरलेल्या वर्षांची?

वर्षानुवर्षे दुसऱ्याचा ट्रक चालविणाऱ्या चालकाच्या मनात एक इच्छा कायम घर करून असते. आपलीही एक गाडी असावी! नव्या ट्रकची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची असते. म्हणून त्याची पावले जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात. थोडी शिल्लक, थोडे नातेवाइकांकडून उसने, प्रसंगी पत्नीच्या अंगावरील दागिने आणि उरलेले बँकेचे कर्ज, अशा जमवाजमवीतून तो जुना डिझेल ट्रक घेतो. हा निर्णय योग्य ठरला, तर चार-पाच वर्षांत चालकाचा मालक होतो. चुकला, तर गाडीही जाते, दागिनेही जातात आणि कर्जाचे हप्ते तेवढे मागे राहतात.

असा व्यवहार करताना बहुतेक जण दोनच गोष्टी पाहतात. इंजिन दमदार आहे ना आणि किंमत खिशाला परवडते ना? हे दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. पण ते पुरेसे नाहीत. जुना ट्रक घेणारा माणूस वस्तुतः त्या ट्रकची उरलेली कमाईची वर्षे विकत घेत असतो. ही वर्षे केवळ इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाहीत. गाडी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या शहरात आणि कोणत्या परवान्यावर धावणार आहे, यावरही ती ठरतात. म्हणूनच ज्याचे भांडवल तुटपुंजे आहे, त्याने मोठी पण म्हातारी गाडी घेण्यापेक्षा लहान पण तरुण गाडी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

एस्प्लनेडने शिकविलेला धडा

हे विधान पटवून घ्यायचे असेल, तर कोलकात्याच्या एस्प्लनेड परिसराकडे पाहावे. मैदानाच्या कडेला वसलेला हा भाग म्हणजे शहराचे नाक. देशातील पहिली भुयारी रेल्वे ऑक्टोबर १९८४ मध्ये येथूनच भवानीपूरपर्यंत धावली. येथील बसस्थानकातून जिल्ह्याजिल्ह्यांत आणि शेजारच्या राज्यांत बसगाड्या सुटतात. या गाड्यांच्या धुराचा उपद्रव जवळच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या शुभ्र संगमरवराला होतो, या कारणावरून कोलकाता उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे बसस्थानक तेथून हलविण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो कायम ठेवला. त्यानंतरही अनेक वर्षे बसस्थानक जागचे हलले नाही, हा भाग वेगळा.

ट्रकमालकांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आदेश जुलै २००८ मध्ये आला. कोलकाता महानगर क्षेत्रातील पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने रस्त्यावरून काढून टाकावीत, असे उच्च न्यायालयाने फर्माविले. आधी दिलेली मुदत वाढवून मिळाली आणि ऑगस्ट २००९ पासून अंमलबजावणी सुरू झाली. हा नियम एस्प्लनेडहून सुटणाऱ्या बसला जसा लागू होता, तसाच बडाबाजार, पोस्ता किंवा खिदिरपूरच्या गोदीत माल वाहणाऱ्या ट्रकलाही लागू होता. बंगालमध्ये ज्याला 'लॉरी' म्हणतात, त्या मालमोटारीचे इंजिन त्या दिवशी आदल्या दिवसाइतकेच चांगले होते. बदलली होती ती फक्त तिच्यावर कमाई करण्याची मुभा. मालकापुढे दोनच मार्ग उरले. गाडी महानगराबाहेर न्यावी, नाही तर भंगारात घालावी. दोन्ही मार्गांनी हाती येणारी रक्कम त्याच्या अपेक्षेहून कमीच असणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोलकाता व हावडा येथील पंधरा वर्षांवरील वाहनांबाबत पुन्हा कडक आदेश दिला. कोरोनाच्या काळात गाड्या उभ्याच होत्या, ती वर्षे वयातून वगळावीत आणि वयाऐवजी गाडीची प्रत्यक्ष अवस्था पाहावी, अशी मागणी तेथील बसमालकांनी केली. मागणीत तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. चांगली निगा राखलेली पंधरा वर्षांची गाडी, हेळसांड झालेल्या आठ वर्षांच्या गाडीपेक्षा कमी धूर ओकू शकते. परंतु नियम न्याय्य आहे की नाही, हा वाद न्यायालयात चालत राहील. हप्ता मात्र दर महिन्याला भरावा लागेल. खरेदीदाराने वादाच्या निकालावर पैज लावून गाडी घेऊ नये.

दिल्लीचा अनुभवही याच जातीचा आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने या प्रश्नाकडे पुन्हा पाहिले. नियम कधी घट्ट होतात, कधी सैल. पण मोठ्या शहरांचा एकंदर कल जुन्या डिझेल गाडीच्या विरोधात आहे, यात शंका नाही.

परवान्याचे वय

यावर कोणी म्हणेल, की कोलकात्याचा नियम कोलकातेकरांनी पाहावा. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या ट्रकमालकाला त्याचे काय? लासलगावचा कांदा कोलकात्याच्या बाजारात पोहोचतो, तो अठराशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून. महाराष्ट्र, छत्तीसगड, ओडिशा, झारखंड अशी राज्ये ओलांडताना ट्रकजवळ राष्ट्रीय परवाना लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ८८ व्या नियमाने या परवान्यासाठी वयाची मर्यादा घातली आहे. सहा चाकी, म्हणजे दोन ॲक्सलच्या ट्रकला बारा वर्षांपर्यंत आणि दहा चाकी किंवा त्याहून मोठ्या मल्टी-ॲक्सल ट्रकला पंधरा वर्षांपर्यंत. त्यानंतर गाडी आपल्या राज्यात चालू शकते; पण लांबच्या भाड्याला मुकते.

योग्यता प्रमाणपत्राचेही तसेच. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक वाहनाला ते दोन वर्षांनी, तर त्यापुढे दरवर्षी घ्यावे लागते. पंधरा वर्षांवरील ट्रक-बसच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून साडेबारा हजार रुपये झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाढीव शुल्काचे टप्पे दहा वर्षांच्या वाहनापासूनच सुरू करण्यात आले. थोडक्यात, गाडी जसजशी म्हातारी होते, तसतसा तिचा सरकारदरबारचा खर्चही वाढत जातो.

स्वस्त गाडीचा महाग हिशेब

उदाहरणादाखल दोन सहा चाकी ट्रक घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. पहिला अकरा वर्षांचा, किंमत पाच लाख रुपये. दुसरा सात वर्षांचा, किंमत आठ लाख रुपये. खरेदीदाराला नाशिक-कोलकाता अशी लांबची भाडी करायची आहेत. प्रथमदर्शनी पहिला ट्रक तीन लाखांनी स्वस्त आहे. मात्र राष्ट्रीय परवान्याच्या हिशेबाने पहिल्याची बारा महिन्यांची कमाई उरली आहे, तर दुसऱ्याची साठ महिन्यांची.

बारा वर्षे पूर्ण झाल्यावर दोन्ही ट्रक प्रत्येकी साडेतीन लाखांना विकले गेले, असे धरू. पहिल्याची घट दीड लाख रुपये. ती बारा महिन्यांवर वाटली, तर दरमहा साडेबारा हजार. दुसऱ्याची घट साडेचार लाख. ती साठ महिन्यांवर वाटली, तर दरमहा साडेसात हजार. दुसऱ्या ट्रकसाठी अधिक काढलेल्या तीन लाखांवर बारा टक्के व्याज धरले, तरी सुरुवातीला दरमहा तीन हजार वाढतात आणि बेरीज साडेदहा हजारांवर थांबते. स्वस्त वाटलेला ट्रक दरमहा दोन हजारांनी महाग पडला. म्हाताऱ्या गाडीची अधिक दुरुस्ती आणि दुरुस्तीच्या दिवसांत बुडालेले भाडे यात धरलेलेच नाही. शिवाय वर्षभराने पुन्हा नवी शोधाशोध, पुन्हा दलाली आणि पुन्हा कर्जाचा अर्ज!

आणि खिशात खरोखरच पाच लाखच असतील तर? तर वय वाढवू नये, आकार कमी करावा. १९८६ मध्ये आलेल्या टाटा ४०७ सारख्या हलक्या ट्रकच्या वर्गात त्याच रकमेत बरीच तरुण गाडी मिळू शकते. भाडी लहान मिळतील, जवळची मिळतील. पण ती अधिक वर्षे मिळतील. दहा चाकी गाडीचा मान मोठा, हे खरे. मात्र हप्ता मानावर फिटत नाही.

यंत्राची परीक्षा

वयाची चाळणी लावल्यानंतर उरलेल्या गाड्यांतून निवड करताना यंत्र पाहावे. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करवून घ्यावी. विक्रेत्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सतत निळा धूर येत असेल, तर इंजिन तेल जाळीत आहे. दाट काळा धूर असेल, तर पंप-नोझल किंवा हवेच्या फिल्टरकडे पाहावे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याचा संभव असतो. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार भपकारे येत असतील, तर रिंग-पिस्टनचे काम जवळ आले आहे, असे समजावे. तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे.

इंजिनाचे काम पैसे खर्चून पुन्हा करता येते. चासीचे तसे नाही. म्हणून गाडीखाली वाकून चासी बारकाईने पाहावी. जोडकाम, मागाहून मारलेली पट्टी, ताजा रंग किंवा भेग दिसली, तर गाडीने अपघात किंवा अतिरिक्त भार सोसला आहे. एका बाजूला झुकलेली गाडी, तुटून बदललेली पाट्यांची पाने आणि एकाच कडेने झिजलेले टायर हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतात. मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये; क्लच-ब्रेकच्या पायट्यांची झीज आणि चालकाच्या आसनाची अवस्था अधिक खरे बोलतात. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कोणतीही धावते. शक्य असेल तेथे माल भरून, चढावर आणि उतारावर ती चालवून पाहावी.

गाडी कोणत्या प्रदूषण मानकाची आहे, हेही विचारावे. देशभर एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. जुन्या, साध्या पंपाच्या गाड्या रस्त्याकडेचा मिस्त्रीही दुरुस्त करतो. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. बीएस-६ च्या अवजड गाडीला डिझेलबरोबर धूर-शुद्धीकरणाचा द्रवही भरावा लागतो. अशा गाडीची तपासणी अधिकृत कार्यशाळेत, संगणक लावूनच करून घ्यावी. सुट्या भागांची उपलब्धता हाही विश्वासार्हतेचाच भाग आहे. कोलकात्यात मलिकबाजारसारखी जुन्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. पण अकोल्याजवळच्या महामार्गावर गाडी बंद पडली, तर मलिकबाजार उपयोगी पडत नाही. जमशेदपूरला १९५४ मध्ये पहिला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार झाला, तेव्हापासून जी नावे या देशाच्या रस्त्यांवर रुळली, त्यांचे सुटे भाग गावोगाव मिळतात. दुर्मीळ जातीची गाडी स्वस्तात मिळत असेल, तर त्या स्वस्ताईचे कारण बहुधा हेच असते.

कागद हाही गाडीचा भाग

गाडीचे कागद अपुरे असतील, तर उत्तम इंजिनही मालकाला वाचवू शकत नाही. नोंदणी पुस्तकातील इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरील कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. कर, विमा, योग्यता प्रमाणपत्र, परवाना आणि प्रलंबित दंड यांची स्थिती परिवहन विभागाच्या 'वाहन' संकेतस्थळावर पाहून प्रादेशिक परिवहन कार्यालयात खात्री करावी. आधीचे कर्ज फिटले असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हाती घ्यावा. हस्तांतरणासाठी नमुने २९ व ३० आणि गाडी अन्य नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत न्यायची असल्यास नमुना २८ लागतो. परवाना गाडीबरोबर आपोआप येत नाही; त्याच्या हस्तांतरणाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा.

विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले. गाडी चार हात बदलून गेली, तरी अपघाताच्या भरपाईचा भार नोंदणीतील नावावरच येऊन पडला. कोऱ्या नमुन्यावर सह्या करून गाडी दलालाच्या हवाली करण्याची प्रथा म्हणूनच दोन्ही पक्षांना घातक आहे.

दुसरी बाजू

जुन्या गाडीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. मालक स्वतः मिस्त्री असेल, काम जिल्ह्यापुरते असेल, वाळू-विटा किंवा ऊस यांसारखा हंगामी माल असेल आणि गाडी कर्जाविना घेतली असेल, तर चौदा वर्षांचा ट्रकही फायद्याचा ठरू शकतो. थोडी कमाई, थोडा खर्च आणि हप्त्याची टांगती तलवार नाही! परंतु या चार अटींपैकी कर्जाविना ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती सुटली, की उरलेले गणित फार काळ टिकत नाही. हाती असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत ओतण्याचा मोहही टाळला पाहिजे. टायर, बॅटरी, ब्रेक, विमा आणि पहिल्या दोन महिन्यांचे हप्ते यांसाठी एकूण रकमेचा किमान पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. जुनी गाडी पहिला खर्च विचारून काढीत नाही.

बँकेचे कर्तव्य

या व्यवहारात बँकही केवळ प्रेक्षक नसते. जुन्या वाहनावरील कर्जाचा अर्ज येतो तेव्हा मूल्यांककाचा अहवाल, हमीदार आणि उत्पन्नाचा दाखला पाहिला जातो. त्यात आणखी एक प्रश्न विचारला जावा: ही गाडी कोठे धावणार? कोलकात्यातील शाखेत आलेला अर्ज आणि विदर्भातील शाखेत आलेला अर्ज यांत गाडी एकाच वर्षाची असली, तरी तारणाचे आयुष्य एकच नसते. अर्जदार ज्या मार्गाचे उत्पन्न दाखवितो, त्या मार्गावर गाडीला जितकी वर्षे मुभा आहे, त्याच्या किमान एक वर्ष आधी कर्ज फिटले पाहिजे. ते बसत नसेल, तर मुदत वाढवून हप्ता लहान करून देणे हा उपकार नव्हे. मुभा संपल्यावरही हप्ते चालू राहतात, तेव्हा थकबाकी दोघांच्याही गळ्यात पडते.

नकार द्यावा लागला, तरी तो उपयुक्त असावा. "ही गाडी नको, याच रकमेत लहान, पण कमी वयाची गाडी पाहा," एवढे एक वाक्य शाखेतील अधिकाऱ्याने अर्जदाराला सांगितले, तर एखादे घर कर्जाच्या विळख्यातून वाचू शकते. ग्राहकानेही गाडीचा विसार देण्यापूर्वी बँकेत यावे. विसार दिल्यानंतर नव्हे. विसार दिला, की माणूस आपल्याच निर्णयाचा वकील होतो आणि उणिवा दाखविणाऱ्याचे ऐकेनासा होतो.

चालकाने मालक व्हावे, ही इच्छा निकोप आहे आणि तिला बळ देणे हे बँकेच्या कामातच मोडते. तिला जोड हवी ती थोड्या थंड डोक्याच्या हिशेबाची. जो खरेदीदार किमतीला उरलेल्या महिन्यांनी भागून पाहील, चासीखाली वाकून बघेल आणि कागद आपल्या नावावर होईपर्यंत स्वस्थ बसणार नाही, त्याचा जुना ट्रक त्याला नव्या ट्रकपर्यंत नेऊन सोडेल.